अक्रोडाखालचा दगड

काल दुपारी अक्रोड आले.

कुंदाताईंचा भाचा मुंबईहून नागपूरला जाताना वाटेत नाशिकला उतरला आणि बुटांचं एक खोकं माझ्या हातात ठेवून गेला. चहासुद्धा उभ्यानेच घेतला. खोक्याला चिकटपट्टीचे इतके वेढे होते की मला कात्री घेऊन बसावं लागलं. आत वर्तमानपत्राचे बोळे, बोळ्यांखाली अक्रोड आणि अक्रोडांच्या मधोमध घडी घातलेली चिठ्ठी. चिठ्ठी मी बाजूला ठेवली. आधी अक्रोड निवडायचे, डब्यात भरायचे, डब्याला नाव लावायचं आणि मग चिठ्ठी वाचायची, हा माझा क्रम. पण भरता भरता एक अक्रोड उगीच नाकाशी नेला आणि क्रम बिघडला.

इरा, जुई, तुम्हाला तो वास वेगळा असा जाणवणार नाही, कारण तुम्ही त्यातच राहता. वाळलेल्या पाचोळ्याचा, उडालेल्या धुळीचा, वरून थोडा कडवट, ओल्या शाईसारखा. मी डोळे मिटले आणि माझ्या ओट्यासमोर उभ्या उभ्या कॅलिफोर्नियात गेले. बाहेर नाशिकचं ऑक्टोबरचं ऊन होतं, शेजारच्या गच्चीवर कुणीतरी गाद्या वाळत घातल्या होत्या, आणि माझ्या कानात मात्र झाडं हलवणाऱ्या त्या यंत्राची घरघर सुरू झाली.

आठवतं का गं इरा, ते यंत्र? खेकड्यासारखे दोन हात पुढे काढून झाडाचा बुंधा धरायचं आणि झाडाला असं गदगदा हलवायचं की चार सेकंदांत सगळे अक्रोड खाली. मग झाड थोडा वेळ गप्प. मला नेहमी वाटायचं, ते आता काहीतरी बोलेल. तुझ्या डोळ्यांत धूळ जायची, तरी तू हटायची नाहीस. ‘वन मोअर, आजी, वन मोअर.’

चार वर्षांपूर्वी, २००४ साली, मी सहा महिने तुमच्याकडे होते. इरा, तू नऊ वर्षांची होतीस, जुई, तू रांगत होतीस. सॅक्रामेंटोपासून दोन तास उत्तरेला, दोन्ही बाजूंनी बागाच बागा आणि मधून सरळ रस्ता. तुमचे बाबा पहाटे हॉस्पिटलला जायचे. आई सात वाजता लॅपटॉप उघडून बसायची ती दुपारपर्यंत. मी तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेली बाई. रिकामं बसणं मला येत नाही. पंधरा दिवसांत मी तुमच्या घरातल्या सगळ्या डब्यांना नावं लावली, मराठीत आणि इंग्रजीत. मसाल्यांना, औषधांना, ड्रॉवरांना. इरा म्हणाली, ‘आजी, द फ्रिज नोज इट इज अ फ्रिज.’ तरी मी फ्रिजला चिठ्ठी लावलीच.

मला तिथून बाहेर काढलं ते कुंदाताईंनी. कुंदाताई मूळच्या नागपूरच्या डॉक्टर. तीस वर्षांपूर्वी अमेरिकेत आल्या, त्या गावातली निम्मी पोरं त्यांच्या हातून जन्मली, नवरा गेल्यावर निवृत्त झाल्या आणि आता पायात बूट घालून भलाथोरला पिकअप ट्रक चालवत फिरायच्या. दारातूनच ओरडायच्या.

‘मालतीबाई, काय करून राहिल्या?’

‘मोजे लावतेय.’

‘नंबर नाही ना दिले मोज्यांना? चला बाप्पा. तुम्हाला एक अशी जागा दाखवते, तिथे तुमच्यासारखीच माणसं आहेत. दगडांना नंबर देऊन राहिली.’

ती जागा पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला काही समजलं नाही. अक्रोडांची बाग संपत होती तिथे मोकळं मैदान होतं आणि मैदानात रांगेने दगड मांडलेले. लहान, मोठे, चौकोनी, पाचरीसारखे, काहींवर कोरीव कडा, काहींचा अर्धा तुकडाच. कुणीतरी अख्खं देऊळ उसवून वाळत घातलं आहे, असं वाटत होतं. मधे चार खांब उभे राहिलेले आणि त्यांच्यावर लाकडी साचा. साच्यावर कमानीची सुरुवात, दोन्ही बाजूंनी दोन-दोन दगड, मधे नुसतं आकाश.

तो एका मठाच्या सभागृहाचा भाग होता. मठ इथला नव्हता. तो स्पेनमधल्या एका नदीकाठचा, आठशे वर्षांहून जुना.

हे मला सांगितलं ब्रदर थिओंनी. ते तिथल्या आजच्या मठातले साधू, बागेचं आणि पाहुण्यांचं काम त्यांच्याकडे. पांढरा पायघोळ अंगरखा, त्यावर काळी पट्टी आणि पायात चक्क धुळीने माखलेले धावण्याचे बूट. मी वही काढली तसे ते हसले. म्हणाले, ‘इतके प्रश्न विचारणारं माणूस इथे फार दिवसांनी आलं.’

मला खरोखरच प्रश्न पडत होते, एकातून एक. त्यांच्या पंथाचं नाव सिस्टर्शियन. नऊशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या काही साधूंना वाटलं, आपला मठ फार सुखवस्तू झाला आहे. जेवण चांगलं, झगे चांगले, भिंतींवर चित्रं. म्हणून ते उठले आणि दलदलीच्या, झाडीच्या ओसाड जागी जाऊन राहिले. स्वतः नांगर धरायचा, स्वतः खायचं पिकवायचं, मांस खायचं नाही, गरजेपुरतंच बोलायचं. एरवी हातांच्या खुणा. भाकरीची खूण वेगळी, भाजीची वेगळी. इमारतीतही नक्षी नको, रंगीत काचा नकोत. नुसता नीट घडवलेला दगड आणि त्यावर पडणारा उजेड.

‘मग इतकं सुंदर कसं झालं?’ मी विचारलं.

‘दुसरं काही करायला बंदी होती ना,’ ब्रदर थिओ म्हणाले.

पुढे हा पंथ पसरला, स्पेनच्या राजांनी त्यांना सरहद्दीजवळच्या जमिनी दिल्या, मठ उभे राहिले, भरले, आणि कित्येक शतकांनी रिकामे झाले. सरकारने मठ ताब्यात घेतले, साधूंना जायला सांगितलं. ज्या सभागृहात साधू बसायचे तिथे शेतकऱ्यांची गुरं बांधली गेली, गवताच्या गंज्या रचल्या गेल्या. मग शंभर वर्षांनी एका अमेरिकन धनिकाने ते अवशेष पाहिले आणि त्याला वाटलं, हे आपल्या घराला छान दिसेल. प्रत्येक दगडावर नंबर घातला, नकाशे काढले, दगड खोक्यांत भरले आणि जहाजांनी समुद्रापार आणले. तेवढ्यात त्याचे दिवस फिरले. घर झालंच नाही. खोकी शहरातल्या एका बागेत पडून राहिली, त्यांना आगी लागल्या, पावसाने नंबर गेले, कुणी चार दगड उचलून फुलझाडांच्या कडेला लावले. अखेर याच पंथाच्या या साधूंनी ते मागून आणले.

मी नाशिकची. पांडवलेणी माझ्या घराच्या गच्चीवरून दिसतात. लहानपणापासून मी त्या विहारांत गेले आहे, भिक्षूंच्या त्या दगडी बाकांवर डबा खाल्ला आहे. त्यामुळे साधू, दगड, बाकं, शांतता हे मला परकं नव्हतं. पण एक गोष्ट मला त्या मैदानात पहिल्यांदा सुचली. आपलं लेणं कुणाला उचलून नेता येत नाही. ते डोंगरातून काढून काढून केलेलं असतं, उरलेला डोंगर म्हणजे लेणं. यांचं देऊळ एकावर एक ठेवून केलेलं, म्हणून ते उसवता येतं. आणि जे उसवता येतं ते परत जोडायला नंबर लागतो.

मी हे कुंदाताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘आमच्यासारखंच म्हणा की. खोक्यात भरून आलो, नंबर पुसले गेले, आता जिथे बसतील तिथे बसवा.’ आणि स्वतःच मोठ्याने हसल्या.

तिथले दगड जोडणारा माणूस म्हणजे वॉल्टर. साधू नव्हे, पाथरवट. बापही पाथरवट, आजाही. माझ्याच वयाचा, सत्तरीला टेकलेला. उन्हाने रापलेली मान, डोक्यावर गवती हॅट, खिशात दुमडती फूटपट्टी आणि बोटं अशी की दगडावर ठेवली तर कुठे दगड संपतो ते कळू नये. त्याचं काम म्हणजे एक प्रचंड कोडं. हा दगड हातात घ्यायचा, त्याचा कोन मोजायचा, जुन्या रेखाटनात शोधायचा, दुसऱ्या दगडाशी लावून पाहायचा. एकेका दगडाला कधी आठवडा. मी ग्रंथालयात होते हे कळल्यावर तो मला ‘लायब्ररी लेडी’ म्हणायला लागला.

‘लायब्ररी लेडी, समजा तुमच्या सगळ्या पुस्तकांच्या पाठी जळाल्या. मग काय कराल?’

‘प्रत्येक पुस्तक उघडून वाचेन.’

‘बस्स. मी तेच करतो.’

मग आली खंडेनवमी.

घरी आम्ही तुमच्या बाबांचा स्टेथोस्कोप आणि आईचा लॅपटॉप पाटावर ठेवला होता. इराने विचारलं, ‘पण खरी टूल्स कुणाकडे आहेत?’ मी तिला सांगत होते, की आबांची, म्हणजे तुमच्या आजोबांची, जमीन मोजणीची साखळी आणि दुर्बीण आम्ही दरवर्षी कशी पुसायचो, त्या दिवशी हत्याराला काम सांगायचं नाही, त्याला हात जोडायचे. खरी हत्यारं म्हटल्यावर आम्हा दोघींना एकच माणूस आठवला. कुंदाताईंना फोन केला. त्यांनी अंगणातले झेंडू तोडून आणले आणि आम्ही तिघी ट्रकमध्ये बसून निघालो. ताम्हन माझ्या मांडीवर, हळदकुंकवाची डबी इराच्या मुठीत.

वॉल्टरने सगळं ऐकून घेतलं. ‘मला काय करावं लागेल?’

‘काही नाही. आज ती वापरायची नाहीत.’

‘माझ्या छिन्न्यांना पन्नास वर्षांत कुणी सुट्टी दिली नाही,’ तो म्हणाला आणि हत्यारं आणायला शेडकडे गेला.

पाट आणायला मी विसरले होते. बागेच्या कडेच्या अक्रोडाखाली एक दगड वेगळा ठेवलेला होता, वरून सपाट, हातभर रुंद, बरोबर चौरंगाच्या उंचीचा. पण घाण. पक्ष्यांनी माखलेला, आणि एका अंगाला दगडफूल चढलेलं. हो, आपण गोड्या मसाल्यात घालतो तेच. इराला मी ते दाखवलंसुद्धा. ‘ईऽऽ, वी ईट दॅट?’ मी ट्रकमधला तारेचा ब्रश घेतला, पाण्याची बाटली घेतली आणि घासायला बसले. पूजेची जागा स्वच्छ हवी, एवढंच डोक्यात.

‘आजी, देअर इज समथिंग ऑन इट,’ इरा म्हणाली.

दगडफुलाखाली काहीतरी तांबूस होतं. गेरूसारखं.

‘डाग आहे गं,’ मी म्हटलं, आणि अजून जोराने घासलं.

वॉल्टर परत येईपर्यंत दगड असा लख्ख झाला की काय सांगू. मला फार समाधान वाटलं. मग त्याच्यावर फडकं अंथरलं, वॉल्टरच्या छिन्न्या, हातोडा, काटकोन तपासायचा गुण्या, ओळंबा मांडला. झेंडू वाहिले. प्रत्येक हत्याराला हळदकुंकू लावलं, आणि उरलेल्या ओल्या कुंकवाचं एक बोट दगडालाही, शेजारच्या अंगाला खाली, लावलं, पाट झाला म्हणून. वॉल्टरने हॅट काढून हातात धरली होती. त्याचे केस पांढरेशुभ्र आणि अगदी पातळ होते, ते मी तेव्हाच पाहिलं. ओळंब्यावर कुंकू बघून तो म्हणाला, ‘याला हे शोभतं.’

पुढच्या आठवड्यात आम्ही गेलो तेव्हा वॉल्टर तो दगड शोधत होता. म्हणजे दगड तिथेच होता. तो शोधत होता नंबर.

‘इथे एक दगड मी वेगळा काढून ठेवला होता,’ तो ब्रदर थिओंना सांगत होता. ‘त्याच्यावर जुना नंबर अजून होता. लाल. म्हणूनच वेगळा काढला, की सावकाश नोंदवून घेऊ. उजव्या बाजूची कमान त्याच्यावाचून पुढे जात नाही.’ तो त्या दगडाभोवती फिरला, खाली वाकला, उठला. ‘हा तो नव्हे. याच्यावर नंबर नाही.’ मग आमच्याकडे न बघता म्हणाला, ‘की नंबर नव्हताच? थिओ, मला शपथेवर सांगता येईल असं वाटत होतं. पण हल्ली मला गाडीच्या किल्ल्यांचंही तसंच वाटतं.’

इराने माझ्याकडे पाहिलं. मी तिचा हात दाबला.

मी, जिने तीस वर्षं पुस्तकांच्या पाठीवर नंबर लावले. जी नंबर खरवडणाऱ्या मुलांना स्टाफरूमपर्यंत नेत असे. मी वही पिशवीत टाकली आणि ट्रककडे चालू लागले.

परतताना ट्रकमध्ये इरा हळूच म्हणाली, ‘आजी, टेल हिम.’

‘गप्प बस. नंतर बघू.’

‘तू म्हणतेस खोटं बोलायचं नाही.’

‘मी कुठे खोटं बोलले? मी बोललेच नाही.’

तिने खिडकीची काच खाली केली. मग म्हणाली, ‘लाइक द मंक्स?’

कुंदाताईंना इंजिनाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. ट्रकच्या दोन्ही बाजूंनी अक्रोडाची झाडं मागे पळत होती. त्या झाडांच्या बुंध्याकडे कधी नीट पाहिलंत का? खाली हातभर काळी, खरबरीत साल आणि वर एकदम गुळगुळीत, फिकट. एका जातीच्या मुळावर दुसऱ्या जातीचं कलम. जोडाची रेघ इतकी स्पष्ट, की झाडांनी अर्धे मोजे घातलेत असं वाटतं. त्या दिवशी मी सगळा रस्ताभर त्या रेघाच बघत आले.

त्यानंतरचे चार दिवस विचित्र गेले. मी त्या मठाबद्दल आणखीच वाचत सुटले. गावातल्या लायब्ररीतून तुमच्या आईच्या कार्डावर पुस्तकं आणली. पाथरवट आपल्या दगडावर स्वतःची खूण करायचे, बाण, चांदणी, असलं काही, हे कळलं. मठाची जागा निवडताना आधी पाणी बघायचे, हेही कळलं. जितकं वाचावं तितकं नवल वाटायचं, आणि प्रत्येक पानाच्या मागे वॉल्टर वाकून रिकामा दगड बघताना दिसायचा. चूक दगडाच्या बाबतीत झाली होती खरी, पण आता काहीतरी दुसरंच पुसलं जात होतं. सत्तरीच्या माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास. गॅस बंद केला होता का, म्हणून जिन्यातून परत फिरणं मला माहीत आहे. त्याच्याकडे तर परत फिरायला जिनाही नव्हता. जिने सांगायचं ती मी, आणि मी पुस्तक वाचत बसले होते.

मधे एकदा ब्रदर थिओ अक्रोडाची पिशवी द्यायला घरी आले. मी त्यांना विचारलं, ‘त्या सभागृहात नक्की व्हायचं काय?’

‘रोज सकाळी सगळे भिंतीलगतच्या बाकावर बसायचे. नियमांच्या ग्रंथातलं एक प्रकरण वाचायचे. मठाची कामं ठरवायचे.’

‘बस्स?’

‘आणि ज्याच्या हातून काही चुकलं असेल तो उठून सगळ्यांसमोर सांगायचा. भांडं फुटलं, प्रार्थनेला उशीर झाला.’

‘मग शिक्षा?’

‘कधी कधी. बहुतेक वेळा सांगणं हीच.’

‘आता करता तुम्ही असं?’

‘आता ईमेल करतो,’ ते म्हणाले, आणि पिशवी ठेवून गेले. मला वाटतं ते मला ओळखून होते. पण त्यांनी तसं कधी दाखवलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी कुंदाताईंचा फोन. ‘ऐकलं का? वॉल्टर काम सोडून राहिला. म्हणतो, माझं डोकं चालत नाही आता, दुसरा कुणी बघा. अहो, नंबर दिसतात म्हणे त्याला, नसलेले!’

‘कुंदाताई, ट्रक काढा,’ मी म्हटलं.

‘आता? मी कणीक भिजवून राहिली.’

‘आता.’

इराची त्या दिवशी शाळा होती, आणि मी तिच्या आईला न विचारता तिला शाळेतून अर्ध्या दिवसाने काढलं. आयुष्यात मी केलेला तो एकमेव नियमभंग. शाळेच्या ऑफिसात कारण लिहायचं होतं. मी लिहिलं, कौटुंबिक काम.

वॉल्टर त्या चार खांबांच्या मधे उलट्या बादलीवर बसून हत्यारं पुसत होता. पेटीत भरायला. ओळंब्यावर अजून पुसट कुंकू होतं. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि आधी जुळवून ठेवलेली इंग्रजी वाक्यं सगळी विसरले. म्हटलं, ‘नंबर होता. मी घासून काढला. पूजेसाठी. मला डाग वाटला. आणि त्या दिवशी तुम्ही शोधत होतात तेव्हा मी इथे उभी होते आणि बोलले नाही.’

त्याने हातातली छिन्नी खाली ठेवली. मला वाटलं, आता हा ओरडणार, आणि ओरडावंच. कमान अडली होती, आठशे वर्षं टिकलेल्या दगडाचा पत्ता मी तारेच्या ब्रशने पुसला होता.

‘नंबर होता?’ तो म्हणाला.

‘होता.’

‘लाल?’

‘गेरूसारखा.’

त्याने फडकं टाकलं आणि मांडीवर थाप मारली. ‘नंबर होता! थिओ! अरे थिओ!’ तो बागेच्या दिशेने ओरडत सुटला. ‘नंबर होता रे! ही लायब्ररी लेडी सांगते, तिनेच पुसला!’ इतका आनंदी चेहरा मी त्याचा एखादा कमानीचा दगड बसला तेव्हाही पाहिला नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मी सांगायला इतके दिवस लावले हे मला त्या पाण्यानेच कळलं.

मग तो कामाला लागला, जणू पेटी भरायला काढलीच नव्हती. ‘काय होता नंबर? कुणी पाहिला?’

इरा पुढे झाली. ‘आय थिंक देअर वॉज अ सेव्हन. ऑर अ वन.’

‘अर्ध्या मठावर सात आणि एक आहेत,’ वॉल्टर म्हणाला. ‘पण आभार.’ तो दगडाशी वाकला. मी घासलेल्या बाजूला आता टाकीचे घाव स्वच्छ दिसत होते, एका दिशेला झुकलेले, पावसाच्या सरींसारखे. त्यांच्यावरून त्याने बोट फिरवलं, कडेवरून पलीकडे नेलं आणि कुंकवाच्या टिळ्याशी थांबला. ‘हे काय?’

‘कुंकू.’

‘धुतलं तर जातं?’

मी पाणी ओतून पाहिलं, अंगठ्याने चोळलं. चुनखडीच्या त्या दगडाच्या बारीक छिद्रांत ते उतरलं होतं. ‘नाही जात.’

‘मग हाच याचा नंबर,’ वॉल्टर म्हणाला. त्याने खिशातून पेन्सिल काढली, नोंदवहीत दगडाचं चित्र काढलं, मापं लिहिली आणि नंबराच्या रकान्यात एक गोल काढून त्यापुढे लिहिलं, लाल टिळा.

त्याची जागा मात्र मी असेपर्यंत सापडली नाही. मी दिवाळीच्या आधी निघाले. शेवटच्या भेटीत वॉल्टर त्याला तिसऱ्या जागी लावून बघत होता आणि तो तिथेही बसत नव्हता. ‘दगड हट्टी असतो,’ तो म्हणाला. ‘चुकीच्या जागी बसत नाही. हे माणसांपेक्षा बरं.’

हे सगळं काल ओट्याशी उभ्याने आठवलं, आणि मग बाजूला ठेवलेली चिठ्ठी घेतली. कुंदाताईंचं अक्षर डॉक्टरांचंच, दोनदा वाचावं लागतं. लिहिलं आहे: ‘मालतीबाई, वॉल्टर आता खरंच रिटायर झाला, पण जाता जाता तुमची टिकली बसवून गेला. उजवीकडची कमान, खालून दुसरा दगड. टिकली आतल्या अंगाला गेली, चुन्यात. आता कोणाला दिसायची नाही. तो म्हणे, चांगलं झालं, पुढच्या वेळी कोणी घासणार नाही. अक्रोड यंदाचे आहेत, बुरशी येण्याच्या आधी खा.’

मी चिठ्ठी डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली. मग अक्रोड फोडून खाल्ला. छान होता.

तुम्ही दोघी कधी तिथे जाल तेव्हा उजवीकडच्या त्या दगडाला हात लावून बघा. टिळा दिसणार नाही, टाकीचे झुकलेले घाव लागतील हाताला. जुई, तू तेव्हा ट्रकमध्ये नव्हतीस, पण हे तुझंही आहे.

आणि इरा, तुझं एक राहिलंच. वॉल्टरपुढे उभं राहून मी सगळं सांगितलं, ब्रदर थिओंनाही सांगितलं, कुंदाताईंना तर वाटेतच सांगून टाकलं. तू शेजारी होतीस म्हणून तुलाही सांगून झालं, असं मी धरून चालले. पण ते तसं नसतं. तू मला आधीच म्हणाली होतीस की त्याच्यावर काहीतरी आहे. मी डाग म्हटलं. नंतर तू सांग म्हणालीस, मी गप्प बस म्हटलं. आजीने डाग म्हटलं की नऊ वर्षांच्या मुलीला पुढच्या वेळी डागच दिसतो. म्हणून हे लिहून ठेवते आहे. आईकडून वाचून घेऊ नकोस. मी शिकवलेल्या अक्षरांनी, सावकाश, तूच वाच.

तिथे नंबर होता. तुला बरोबर दिसला होता.